टीव्हीच्या भिंतीला लाउव्हर, व्हिनिअर, टाइल की नुसता रंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधल्या जुन्या इमारतीतला टू बीएचके, मधली भिंत काढून स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एक केली, आणि आता 10 फूट रुंद, 9 फूट उंच भिंतीवर 43 इंची टीव्ही लावायचाय. भिंतीचं एक टोक ओट्याला भिडतं, पलीकडे बाथरूम आहे. भिंत 4 इंची विटेची. इंटिरियरवाला चारकोल लाउव्हर (उभ्या खाचांच्या तयार पट्ट्या) सुचवतोय, घरात व्हिनिअरचा (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) आग्रह आहे, तुम्हाला टाइल बरी वाटते.

मत आधीच देऊन टाकतो. टीव्हीमागे 6 बाय 4 फुटांचं सपाट मॅट लॅमिनेट पॅनल, ओट्यालगत टाइल, उरलेल्या भिंतीला धुता येणारा रंग. हे ठरतं ते फोडणी आणि वायर या दोन गोष्टींवरून.

चिमणी चालू असली तरी तेलाचा थोडा धूर बाहेर येतोच. तो भिंतीवर बसतो, त्यावर धूळ बसते आणि पिवळट चिकट थर तयार होतो. सपाट पृष्ठभागावरून तो साबणाच्या पाण्याने निघतो. लाउव्हरची एक पट्टी साधारण 5-6 इंच रुंद, म्हणजे 10 फुटांना 20 ते 24 पट्ट्या, प्रत्येकीत चार-पाच खाचा. शंभरेक खाचा, प्रत्येक 9 फूट उंच. त्या कोण पुसणार, हे इंटिरियरवाल्याला जरूर विचारा. शिवाय चारकोल पॅनल म्हणजे शेवटी प्लास्टिकच, शेगडीच्या जवळ नकोच. लाउव्हर हवंच असेल तर हॉलमध्ये लावा, तिथे छान दिसतं.

व्हिनिअर सुंदर असतं, पण पॉलिश कमी पडलं की हळदीचा डाग आत उतरतो. ठरवण्याआधी एक चाचणी करा. दुकानातून व्हिनिअर आणि लॅमिनेटचे नमुने आणा, प्रत्येकावर हळद घातलेल्या तेलाचा थेंब टाका, 24 तासांनी ओल्या फडक्याने पुसा. घरातला वाद तिथेच मिटेल. लॅमिनेट घेताना ग्लॉसी नको; समोरच्या खिडकीचा उजेड चमकतो आणि टीव्ही बघताना डोळ्यांवर येतो.

पूर्ण भिंतीला टाइल का नको? चमक हे एक कारण, आणि ब्रॅकेटचं भोक चुकलं तर टाइल फुटते, बदलायला तीच बॅच मिळत नाही. पण ओट्याची खोली 2 फूट असते, तेवढा डॅडो (ओट्यामागचा टाइलचा पट्टा) या भिंतीवर वळवून घ्या. टोकाला स्टीलची प्रोफाइल पट्टी आणि सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट. साध्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये तेल मुरतं, सांधे काळे पडतात.

आता वायर. पुष्कळ जण पहिली चूक इथेच करतात: भिंतीत झिरी मारून 50 मिमीचा पाइप गाडतात. तुमची भिंतच जेमतेम 100 मिमीची, तिचा निम्मा भाग कापला जाईल आणि झिरीवर पुढे हमखास तडा दिसेल. पॅनलचा खरा फायदा हा. 18 मिमी प्लायच्या 2 इंची पट्ट्यांची चौकट भिंतीवर मारा, त्यावर 18 मिमी पॅनल. मधल्या 18 मिमी पोकळीतून एचडीएमआय आणि लॅनची वायर आरामात उतरते. एचडीएमआयचा प्लग 10-12 मिमी जाड असतो, आडवा धरला की जातो. टीव्हीमागे आणि खाली सेट-टॉप बॉक्सच्या फळीपाशी 2 इंची भोक ठेवा, आत एक नायलॉन दोरी सोडून ठेवा, पुढची वायर तिला बांधून ओढता येते. विजेची वायर मात्र 25 मिमी पाइपातून, वेगळी, भिंतीत उभी झिरी मारून. आडवी झिरी मारू देऊ नका.

सॉकेटची जागा कागदावर काढून द्या. सपाट ब्रॅकेट लावला तर टीव्ही आणि भिंतीत 25-30 मिमी जागा उरते, आणि साधा थ्री-पिन टॉप 40 मिमीच्या वर बाहेर येतो. टीव्ही बसतच नाही, मग सुतार पॅनल कापतो आणि वायर बाजूने लोंबते. सॉकेट पॅनलच्या आत दबवून घ्या, ब्रॅकेटच्या पट्टीपासून बाजूला.

ब्रॅकेटच्या स्क्रूचा हिशोब असा: प्लाय 18, पट्टी 18, प्लास्टर 15, म्हणजे 51 मिमी तसेच गेले. 75 मिमीचा स्क्रू विटेत 24 मिमीच शिरतो, प्लास्टरसकट सुटू शकतो. स्क्रू-प्लग एकत्र मिळणारा 10 बाय 100 चा नायलॉन फिक्सर घ्या, विटेत 49 मिमी जातो. आणि ब्रॅकेटच्या नेमकं मागे चौकटीची पट्टी आली पाहिजे. नाहीतर स्क्रू आवळला की प्लाय आत दबतो.

(हेच नव्या टॉवरमध्ये असतं तर हिशोब वेगळा. मिव्हनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीट भिंतीत भोक पाडायला हॅमर ड्रिल लागतं, एएसी या हलक्या सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरतो, तिथे त्या ब्लॉकसाठीचाच प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट).)

प्लाय आयएस 710 शिक्क्याचाच, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय. 8 बाय 4 च्या एका शीटमधून 6 बाय 4 पॅनल निघतं, उरलेल्या 2 बाय 4 मधून खालची फळी. चौकटीच्या पट्ट्यांसाठी वेगळा तुकडा लागेल. भवानी पेठेत टिंबर मार्केटला कापूनही मिळतो. पॅनलच्या मागच्या बाजूला पातळ लॅमिनेट लावायला सांगा. एकाच बाजूला लावलं की 6 फुटांच्या फळीला बाक येतो.

उंची: जेवणाच्या खुर्चीत डोळे जमिनीपासून 44-46 इंचांवर, ओट्यापाशी उभ्या माणसाचे 58-60. टीव्हीचा मध्य 49-50 इंचांवर ठेवा, खालची कड 38-39 वर येते. हॉलच्या मापाने, म्हणजे सोफ्यावरून बघायला खाली लावला तर ओट्यावरून नीट दिसत नाही. शेगडीपासून सरळ अंतर 6 फुटांखाली नको.

या सगळ्याच्या आधी ओल तपासा, कारण पलीकडे बाथरूम आहे. 2 बाय 2 फुटांचं प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा, 48 तासांनी काढा. भिंतीच्या बाजूने थेंब दिसले किंवा प्लास्टर काळवंडलं तर आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. ओली भिंत पॅनलने झाकली तर पावसाळ्यात लॅमिनेट फुगेल आणि वाळवी आली तरी कळणार नाही. कोरडी निघाली तरी पॅनलच्या खालच्या-वरच्या कडेला हवेसाठी फट ठेवा. पाइप गॅसची लाइन या भिंतीवरून जात असेल तर ती पॅनलमागे अजिबात झाकू नका.

रंग सर्वात शेवटी. झिरीवरच्या नव्या प्लास्टरला जाळी लावून, पाणी मारून, नीट वाळू द्या. मग पुट्टीचे दोन हात, प्रायमर, इमल्शनचे दोन हात. त्यातला दुसरा हात ब्रॅकेट आणि टाइलची पट्टी बसल्यावरच मारायला सांगा, नाहीतर मिस्त्रीच्या हाताचे ठसे तुम्हालाच पुसावे लागतील.