तोंडाच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी लागू पडेल की नाही, हे रक्ताच्या तपासणीवरून आधी कळतं का?

वडिलांच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा भागाकार, 6 आलंय, तर इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधावर) खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय. त्या एका आकड्यावर काहीही ठरवू नका.

माझ्या आईने आयुष्यभर मिश्री लावली. गालाचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी गाठ परत आली. काकांनी तिचा सीबीसी घेतला, न्यूट्रोफिल 82, लिम्फोसाइट 9, भागाकार केला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नऊच्या वर आहे. लागू पडणार नाही, पैसे पाण्यात जातील." आई आतल्या खोलीत ऐकत होती. तेव्हा तिची जखम चिघळली होती आणि सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होतं. दोन्हींमुळे न्यूट्रोफिल वाढतात. मी हे सांगितलं, तर "तुला काय कळतंय" म्हणाले. जखम आटोक्यात आली, स्टेरॉइड थांबलं आणि तेच गुणोत्तर चारच्या खाली उतरलं.

मग तिला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध कमी डोसमध्ये मिळालं. टाटा मेमोरियलने 2022 मध्ये मांडलेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलीग्रॅम दिलं होतं (नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी 240 असतो). वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवरच्या 16 टक्क्यांवरून 43 वर गेलं. आई पुढची दिवाळी बघून गेली. काका अजून म्हणतात, "तशीही गेलीच ना." त्या दिवाळीची किंमत त्यांनी ठरवायची नाही.

गुणोत्तर जास्त असलेल्यांचं सरासरीने वाईटच होतं, पण केमोवरही त्यांचं तसंच होतं. म्हणजे आजार किती जोरात आहे ते कळतं, हे औषध चालेल का ते नाही. डॉक्टर ज्यावर ठरवतात तो सीपीएस, म्हणजे गाठीत पीडी-एल1 हे प्रथिन किती आहे याचा आकडा, बायोप्सीच्या तुकड्यावर काढतात, रक्तावर नाही. गाठीतून रक्तात उतरलेला ट्यूमर डीएनए उपचार सुरू झाल्यावर घटतो का, हे बघण्यात अर्थ आहे. पण ते नंतरचं.

मी डॉक्टर नाही. आणि आशा मोजूनच धरा: 2016 च्या चाचणीत नुसत्या निवोलुमॅबने साधारण 13 टक्के लोकांचीच गाठ आकसली होती. वडिलांना संसर्ग किंवा स्टेरॉइड चालू असेल तर ते उतरल्यावर सीबीसी पुन्हा करा. रिपोर्ट नातेवाइकांच्या हाती देण्याआधी वडिलांनाच विचारा, औषध घ्यायचंय का. आईला कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली.