दहा टक्क्यांचा नियम कुठल्या कलमात आहे, ते आधी दाखवा

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या कॉलेजात शिकवताना महागड्या इंग्रजी पुस्तकातली दोन प्रकरणं झेरॉक्स करून वर्गाला देता येतील का, की 'फेअर यूज'मध्ये फक्त दहा टक्केच चालतात?

देता येतील. आणि दहा टक्के डोक्यातून काढून टाका. 'फेअर यूज' (परवानगीशिवाय वाजवी वापराची मुभा) हे अमेरिकेच्या कायद्यातलं प्रकरण. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आणि त्याचं कलम 52, म्हणजे कशाने उल्लंघन होत नाही याची यादी. त्यातल्या 52(1)(ए) ला सगळे धरून बसतात, पण ते स्वतःचा अभ्यास, संशोधन, समीक्षा, वार्तांकन यांच्यासाठी. शिक्षकाचं कलम वेगळं आहे, 52(1)(आय): शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, त्या प्रश्नाचं उत्तर, यातलं काहीच उल्लंघन नाही. टक्केवारीचा तिथे उल्लेखही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, तो आकडा लोक इथे आणून चिकटवतात. तो प्रबंधातल्या वाङ्मयचौर्याचा हिशेब, झेरॉक्सचा नव्हे.

हे न्यायालयात लढून झालेलं आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा केला, कारण अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना मिळत होती. 16 सप्टेंबर 2016 ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. 9 डिसेंबर 2016 ला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने अपिलात कसोटी सांगितली: शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं. 'शिकवणं' म्हणजे फक्त तासाची पन्नास मिनिटं नव्हेत आणि प्रत दुकानातून काढली म्हणून कलम लागू व्हायचं थांबत नाही. 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

म्हणून हेतू कागदावर दिसू द्या. प्रत्येक उताऱ्यासमोर अभ्यासक्रमातलं युनिट लिहा. पहिलं पान म्हणून पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्यामागचं प्रकाशनाचं पान जोडा. डेमी आकाराचं पुस्तक उघडं ठेवलं की दोन पानं एका ए4 वर बसतात, पण 100 टक्क्यांवर काढलं तर वरखाली कड कापली जाते आणि नेमका पानक्रमांक जातो. मुलांना संदर्भ देता येत नाहीत. झेरॉक्सवाल्याला 95 टक्क्यांवर घ्यायला सांगा. प्रती वर्गातल्या मुलांइतक्याच, बिल पानांच्या दराने. कॉलेजचं नाव, रंगीत कव्हर आणि किंमत छापून काउंटरवर गठ्ठा ठेवलात, तर ते शिकवणं राहत नाही, प्रकाशन होतं. तिथे 52(1)(एच) लागू होतं आणि ते फार अरुंद आहे: छोटे उतारे, आणि संकलन काढणाऱ्या एका प्रकाशकाने एकाच लेखकाच्या लेखनातून पाच वर्षांत दोनच.

पीडीएफ गूगल क्लासरूममध्ये, नोंदणी झालेल्या मुलांपुरती ठेवा. लिंक मिळेल त्याला उघडेल, ही सेटिंग बंद करा. टेलिग्रामच्या उघड्या चॅनलवर किंवा यूट्यूबवर टाकलंत की वर्ग संपला आणि जग सुरू झालं. तिथे शिक्षकाचं कलम आधाराला धरू नका. एन-लिस्टवरच्या (कॉलेजांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना) लेखाची फाइल फिरवण्यापेक्षा लिंक द्या. तिथे कायद्याबरोबर लायब्ररीने मान्य केलेल्या अटीही पाळाव्या लागतात.

स्टाफरूममध्ये 'नोटीस येईल' म्हणून नव्या शिक्षकांना गप्प करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पेठ-सुरगाण्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीने दीड-दोन हजारांचं पुस्तक कुठून आणायचं? संसदेने दिलेली सवलत न वाचताच नाकारणं ही सावधगिरी नाही, तो मुलांवर अन्याय आहे.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. अख्खं पुस्तक झेरॉक्स करता येतं का आणि बांधलेला प्रत्येक उतारा शिकवायला लागतच होता का, हे खंडपीठाने पुराव्यावर ठरवायला परत पाठवलं होतं. दावाच मागे गेल्याने त्याचा निकाल लागला नाही. त्यामुळे अख्खं पुस्तक काढू नका. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, वजनदार नक्कीच आहे. खासगी क्लासवाल्यांनी विकायच्या नोट्ससाठी यावर विसंबू नये. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांचं लेखन 2059 संपेपर्यंत संरक्षित आहे. आणि पुस्तक दीडशे रुपयांचं असेल, छोट्या मराठी प्रकाशकाने काढलेलं असेल, तर झेरॉक्सचा विचारही करू नका. लायब्ररीच्या मागणीपत्रकात दहा प्रती लिहा.