हॉटेल व्यवसाय : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : नागपूरला वर्धा रोडवर आमचे ४० खोल्यांचे हॉटेल आहे. एका विमान कंपनीने क्रूसाठी रोजच्या ६ खोल्यांचे दर मागवले आहेत. विमान रात्री ११ला येते, सकाळी ६ला परत जाते. ६ खोल्या राखून ठेवल्या की भागेल ना? – एक हॉटेलचालक

उत्तर : नाही भागणार, १२ लागतील. एअरबस ए३२०वर साधारणपणे २ वैमानिक आणि ४ केबिन क्रू असतात, म्हणून ६ हा आकडा. पण डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार दोन ड्यूट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती हवी (आधीची ड्यूटी त्याहून मोठी असेल तर तेवढी), आणि विमानतळावरची ये-जा त्यात धरत नाहीत. म्हणजे रात्री ११ला उतरलेला क्रू सकाळी ६चे विमान नेऊच शकत नाही. ते नेणार कालचा क्रू, आणि तो त्या वेळी तुमच्याकडेच झोपलेला असणार.

दराचेही तसेच. क्रूचा मुक्काम रात्री साडेअकरा ते परवा पहाटे साडेचार म्हणजे २९ तास. २४ तासांवरच्या ५ तासांचे भाडे किती, हे करारात लिहून घ्या. नंतर बिलावरून वाद होतो तो याच ५ तासांचा. खोलीचे पैसे कंपनी देते, लाँड्री-मिनीबारचे ज्याचे त्याने द्यायचे, हेही त्यातच स्पष्ट करा.

खोली शांत, हवेशीर आणि उजेड-तापमान आतून कमी-जास्त करता येईल अशी हवी. ही माणसे दुपारीही झोपतात. तेव्हा लिफ्टजवळच्या आणि बँक्वेट हॉलवरच्या खोल्या बाद. लग्नसराईत शेजारच्या लॉनवर डीजे लागतो ती बाजूही नको. पडदे ब्लॅकआउटचे, मध्ये वीतभर एकमेकांवर येणारे घ्या; नुसते टेकणारे पडदे फटीतून नेमका उशीवर उजेड पाडतात. त्या मजल्यावर व्हॅक्यूम क्लीनर कधी फिरवायचा, हे क्रूच्या वेळा बघून ठरवा.

क्रूची यादी आदल्या संध्याकाळी मागवा, नोंदणी कार्डे भरून चाव्या पाकिटांत तयार ठेवा. काउंटरवर गेलेली २० मिनिटे त्यांच्या झोपेतून जातात. पहाटेचा वेक-अप कॉल माणसानेच करावा, १० मिनिटांनी पुन्हा. तरी उत्तर नाही तर दारावर जाऊन उठवायचे. एक जण उठला नाही तर अख्खे विमान थांबते. नाश्त्याची पाकिटे सव्वाचारला लॉबीत हवीत.

प्रश्न : दोन्ही वैमानिकांना वेगवेगळे जेवण द्यावे लागते का?

उत्तर : उड्डाणातल्या जेवणाबाबत अनेक कंपन्या तसे पाळतात, अन्नातून बाधा झालीच तर दोघे एकदम आडवे होऊ नयेत म्हणून. हॉटेलच्या मेन्यूला असे बंधन नसते, पण पाकिटे एकाच भाजीची भरू नका.