गणित बरोबर, पत्रिका चूक : संगणकीय पंचांगाबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न : आईचा जन्म नाशिकचा, 10 डिसेंबर 1943, सकाळी 8. 'दिवस उगवताना झाली' असं आजी सांगायची. सॉफ्टवेअर धनु लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) देतं, हाताने मांडलेल्या जुन्या पत्रिकेत वृश्चिक आहे. (पंचवटी)

जुनी पत्रिका बरोबर आणि आजीही बरोबर. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत देशभरातली घड्याळं एक तास पुढे होती. म्हणजे तेव्हाचे 8 हे आजचे 7. डिसेंबरच्या त्या दिवसांत नाशिकला सूर्योदय साधारण 7 लाच होतो, आणि सूर्योदयाला लग्न रवीच्याच राशीत असतं. रवी वृश्चिकेच्या चोविसाव्या अंशाच्या आसपास होता. तासाभरात लग्न तेरा-चौदा अंश सरकतं, म्हणून धनु आलं.

तास वजा करण्याआधी एक बघा. वेळ भरल्यावर सॉफ्टवेअर ग्रिनिचपासूनचा फरक दाखवतं. तो 5:30 असेल तर 7 वाजता अशी वेळ भरा. 6:30 असेल तर त्याने तास आधीच धरलेला आहे, हात लावू नका. दोनदा वजा केलेल्या पत्रिका काही कमी नाहीत! पत्रिकेत घड्याळाऐवजी सूर्योदयापासूनची इष्टघटी लिहिली असेल, तर युद्धकाळाचा प्रश्नच येत नाही. 1 घटी म्हणजे 24 मिनिटं, एवढं धरून चला.

प्रश्न : मुलाचं भरणी नक्षत्र. एका अ‍ॅपमध्ये शुक्राची भोग्य दशा (जन्मानंतर भोगायची उरलेली दशा) 11 वर्षे, दुसऱ्यात 8 वर्षे 10 महिने. (सिडको)

दोन्ही अ‍ॅपमधला स्पष्ट चंद्र, म्हणजे चंद्राचं नेमकं स्थान, अंश-कलांसह (60 कलांचा 1 अंश) शेजारी शेजारी लिहा. साधारण 1 अंश 27 कलांचा फरक दिसेल, कारण एकात चित्रापक्ष म्हणजे लाहिरी अयनांश आहे, दुसऱ्यात रामन. (अयनांश म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राचा आरंभ किती अंशांवर धरायचा ते.) शुक्राच्या 20 वर्षांत नक्षत्राच्या 800 कला बसतात, म्हणजे एका कलेला जवळपास 9 दिवस. 87 कलांचे झाले सुमारे 2 वर्षे 2 महिने. तुमचा हिशोब इथेच जुळतो.

येत्या सिंहस्थाचंही तेच. चित्रापक्षाने गुरू 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहेत येतो, रामन अयनांश लावला की तोच प्रवेश आठवड्याहून जास्त आधी पडतो.

अयनांशाचं नाव मेनूत सापडत नसेल तर 1 जानेवारी 2000 ची कुंडली काढा. लाहिरी असेल तर अयनांश 23 अंश 51 कला दिसायला हवा. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची आहेत, तेव्हा तोच ठेवा. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचा अयनांश वेगळा, त्यांनी ही सेटिंग डोळे मिटून लावू नये.

चंद्र कलेपर्यंत जुळतो आणि तरी दशेच्या तारखा वयाबरोबर लांबत जातात, असं असेल तर वर्षाचं मान तपासा : 360 दिवस की 365.25? चाळिशीपर्यंत हा फरक 210 दिवसांवर जातो.

प्रश्न : नाशिकचे रेखांश 73.47 भरले, लग्नात थोडा फरक येतो. (नाशिकरोड)

73 अंश 47 कला म्हणजे दशांशात 73.78. तुम्ही 73 अंश 28 कला भरलेत. फरक सव्वा मिनिटाचा. राशीकुंडलीत तो बहुधा कळणार नाही, पण लग्न नवमांशाच्या (राशीच्या नवव्या भागाच्या) सीमेवर असेल तर नवमांश बदलेल, आणि षष्ट्यंश (राशीचा साठावा भाग) तर दोन मिनिटांत पालटतो.

प्रश्न : शिवजन्माची तिथी पडताळताना 19 फेब्रुवारी 1630 ला मंगळवार आणि शुक्ल पक्ष येतो. (गंगापूर रोड)

ती तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. तुमचं सॉफ्टवेअर ग्रेगरियन गणना थेट मागे ताणतंय. 10 दिवस मिळवून 1 मार्च 1630 भरा : शुक्रवार आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. जुन्या तारखांत आधी वार जुळवावा, तिथी नंतर.

प्रश्न : जन्म बुधवारी पहाटे 4 चा, पत्रिकेत मंगळवार छापलाय. (सातपूर)

चूक नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. तारीख मात्र बुधवारचीच राहील.