बॅटरीचं रीडिंग दुपारी सरकतंय? आधी डिव्हायडर बघ

अरे, बॅटरीचं व्होल्टेज सकाळी बरोबर आणि दुपारी चूक दिसतंय म्हणालास ना, मग कोड बदलत बसू नकोस, तुझा डिव्हायडर (बॅटरीचं व्होल्टेज विभागून मोजणाऱ्या पिनला देणारे दोन रेझिस्टर) १ मेगओहम अधिक १ मेगओहमचा आहे ना, म्हणजे पिनला समोर दोन्ही समांतर धरून ५०० किलोओहम दिसतात आणि आटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये पिनचा लीकेज (पिनमधून गळणारा करंट) जास्तीत जास्त १ मायक्रोॲम्प दिलाय, गुणाकार कर, अर्ध्या व्होल्टची चूक! प्रत्यक्षात एवढा नसतो, खूपच कमी असतो, पण तापमान साधारण १० डिग्री वाढलं की तो दुप्पट होतो, म्हणून सकाळी बरोबर आणि उन्हात चूक.

पिनला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलास ते चांगलंच केलंस, पण त्याने फक्त सॅम्पलिंगचा झटका (मोजताना पिन क्षणभर खेचते तो करंट) भागतो, सतत वाहणारा लीकेज तसाच राहतो, इथे बरेच जण फसतात. सोर्स, म्हणजे पिनला समोर दिसणारा रेझिस्टन्स, १० किलोओहमच्या आत आण, बॅटरी वाचवायची असेल तर मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) डिव्हायडर फक्त मोजताना चालू कर, नाहीतर मध्ये एमसीपी६००१ सारखा सीमॉस ऑपॲम्प (इनपुटला जवळजवळ करंट न घेणारा ॲम्प्लिफायर) बफर म्हणून टाक.

आणि पिनच्या प्रोटेक्शनला शॉटकी डायोड लावलाय का? तो काढच, गरम झाला की फार गळतो, कमी गळणारा बीएव्ही१९९ डायोड लाव. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्सपण आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धू बाबा, पावसाळ्यात तोच ओलावा धरून गळतो.