मुंबईचा गाइड मेलबर्नला येताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बायकोला मेलबर्नला नर्सची नोकरी लागलीय, तू तिच्या व्हिसावर येणार. मुंबईत आठ वर्षं फोर्ट आणि घारापुरीच्या टूर केल्या आहेस, पर्यटन मंत्रालयाचं रीजनल लेव्हल गाइडचं कार्ड आहे. ते इथे चालेल का, आणि निघण्याआधी स्किल असेसमेंट (कौशल्याची अधिकृत तपासणी) करून ठेवावं का?

मीही गिरगावातून अशीच, नवऱ्याच्या व्हिसावर आले. म्हणून सविस्तर लिहिते.

कार्ड चालत नाही. इथे शहरात टूर घ्यायला सरकारी लायसन्सच लागत नाही, त्यामुळे तुझं कार्ड कशात बदलून घ्यायचं हा प्रश्नच येत नाही. उलुरूसारख्या ठिकाणी वेगळं आहे, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात टूर नेणाऱ्या गाइडला ‘नॉलेज फॉर टूर गाइड्स’ हा कोर्स करावा लागतो. युरोपातही देशागणिक फरक आहे. ऑस्ट्रियात परीक्षा दिल्याशिवाय हा धंदाच करता येत नाही. ब्रिटनमध्ये कुणीही टूर घेऊ शकतो, पण ब्लू बॅज, म्हणजे प्रशिक्षित गाइडचा बिल्ला, असला की मान मिळतो.

आता स्किल असेसमेंट. एजंट लोक इथे फार घोळ घालतात, म्हणून नीट वाच. व्हिसासाठीचं असेसमेंट वेगळं. टूर गाइडचं काम इथल्या व्यवसायांच्या वर्गीकरणात चौथ्या पातळीवर आहे आणि स्किल्ड व्हिसा मुख्यतः पहिल्या तीन पातळ्यांसाठी असतात. तू बायकोच्या व्हिसावर येतोयस, तेव्हा त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नकोस. तुझ्या कामाची गोष्ट दुसरीच आहे: रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. सगळे आरपीएल म्हणतात. जे काम तुला आधीपासून येतं, ते वर्गात न बसता सिद्ध करायचं आणि त्यावर ‘सर्टिफिकेट थ्री इन गाइडिंग’ मिळवायचं. हे सर्टिफिकेट देशभर मान्य आहे. देणारी संस्था ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या सरकारी साइटवर शोध आणि हाच कोर्स द्यायची तिला परवानगी आहे ना, ते आधी बघ.

असेसर, म्हणजे त्या संस्थेचा परीक्षक, चार गोष्टी तपासतो: पुरावा त्या कौशल्याचाच आहे का, पुरेसा आहे का, तुझाच आहे का आणि अलीकडचा आहे का. मी इथेच अडकले. मुंबईतल्या ज्या ट्रॅव्हल कंपनीसाठी वर्षानुवर्षं काम केलं, तिने पत्र दिलं ते दोन ओळींचं: ‘यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली.’ त्यातून काय सिद्ध होणार? किती पाहुण्यांचा ग्रुप, कोणत्या भाषेत, कोणती ठिकाणं, अडचण आली तेव्हा काय केलं, यातलं एक अक्षर नाही. इथून फोन करून नवं पत्र मागेपर्यंत तिथला मॅनेजर बदलला होता. तू हे पत्र निघण्याआधीच घे, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मजकूर तूच लिहून ने.

मला तारलं एका जुन्या ईमेलने. असेसरने विचारलं, पावसामुळे बोट रद्द झाली आणि बावीस पाहुणे धक्क्यावर उभे आहेत, तर काय करशील? मी म्हटलं, हे माझ्या बाबतीत घडलंय. गेटवेवरून लाँच सुटणार नाही असं सकाळी कळलं, मी ग्रुप कान्हेरीला वळवला आणि गाडीत बसल्या बसल्या ऑफिसला बदललेला कार्यक्रम कळवला. तो ईमेल शोधून दाखवला. तारीख, वेळ, पाहुण्यांची संख्या, सगळं त्यात होतं. त्या एका कागदाने जे झालं ते माझ्या प्रशस्तिपत्रांच्या फाइलने झालं नव्हतं. तेव्हा टूर ऑर्डर, व्हाउचर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, पाहुण्यांचे अभिप्राय, काही डिलीट करू नकोस.

सगळ्याच युनिट्सना, म्हणजे कोर्सच्या भागांना, मान्यता मिळेल असं समजू नकोस. ग्रुप सांभाळणं, कॉमेंट्री तयार करून सादर करणं, हे मुंबईच्या कामावर निभावतं. स्थानिक माहितीचं युनिट इथेच अभ्यास करून द्यावं लागतं. माझी प्रत्यक्ष चाचणी रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगसमोर झाली. ही इमारत 1880 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली, 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन तिथे झालं, आणि जागतिक वारशाच्या यादीत ती 2004 मध्ये आली. आपलं सीएसएमटीही त्याच वर्षी आलं! मी त्या घुमटाकडे बोट दाखवून बोरीबंदरच्या घुमटाबद्दल बोलले आणि ऐकणारे खरंच पुढे सरकले. चूकही तिथेच झाली. टूर सुरू करताना इथल्या मूळ रहिवाशांचा, वुरुंजेरी लोकांचा आदराने उल्लेख करायची पद्धत आहे, ती मला माहीतच नव्हती. असेसरने शांतपणे सांगितलं आणि पुन्हा बोलावलं. त्यानंतर मी त्यांच्याबद्दल मनापासून वाचलं. घारापुरीला इतकी वर्षं गेले, पण बेटावर राहणाऱ्या माणसांबद्दल पाहुण्यांना कधी काही सांगितलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

फर्स्ट एडचा कोर्स इथे आल्यावर कर. तो तीन वर्षांनी पुन्हा करायचा असतो, सीपीआर दरवर्षी. आणि गाडी चालवायची सवय ठेव. मुंबईत ड्रायव्हर वेगळा असतो, इथे छोट्या ग्रुपच्या टूरवर गाइडच व्हॅन चालवतो. ड्रायव्हर धरून बारापेक्षा जास्त सीटची गाडी असेल तर लाइट रिजिड लायसन्स लागतं.

निघायच्या आधी घारापुरीची एक तरी टूर असेलच ना? (सोमवार सोडून, लेणी बंद असतात.) पाहुण्यांची परवानगी घे आणि त्रिमूर्तीसमोरची तुझी अख्खी कॉमेंट्री कुणाकडून तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून घे. इंग्रजीतली, मध्ये न थांबवता.