‘डीडीआयएस ३२०’ मधला ३२० कसला?

प्रश्न : मारुतीची २०१६ची सेकंडहँड एस-क्रॉस घ्यायची आहे. एका गाडीवर ‘डीडीआयएस ३२०’ आहे आणि ती झेटा आहे. दुसरीवर ‘डीडीआयएस २००’, ती अल्फा. किंमत जवळपास सारखीच. वरचं मॉडेल कोणतं समजायचं? (एक वाचक, कराड)

उत्तर : आकडा इंजिनाचा आणि नाव व्हेरियंटचं, म्हणून वरचं-खालचं दोनदा ठरवावं लागेल. ‘डीडीआयएस’ हे मारुतीच्या डिझेल इंजिनांचं नाव. पुढचा आकडा सीसी नव्हे, टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) आहे, न्यूटन-मीटरमध्ये. ‘३२०’मध्ये १५९८ सीसीचं इंजिन, १२० पीएस (अश्वशक्ती) आणि सहा गिअर. ‘२००’मध्ये १२४८ सीसी, ९० पीएस, पाच गिअर. व्हेरियंटचा चढता क्रम सिग्मा, डेल्टा, झेटा, अल्फा. ग्रीक मुळाक्षरांचा क्रम डोक्यातून काढून टाका.

थोडक्यात, एका गाडीचं इंजिन मोठं आहे, दुसरीत सोयी जास्त आहेत.

मागची अक्षरं नुसती चिकटवलेली असतात आणि सुट्या भागांच्या दुकानात मिळतात, त्यांच्या भरवशावर सौदा करू नका. आरसीवर सीसी वाचा, इंजिन नंबर ताडून पाहा, गिअरच्या नॉबवर ६ आहे का बघा. अल्फा ओळखताना लेदर सीटवर जाऊ नका, तसली कव्हरं कुठेही शिवून मिळतात. त्यापेक्षा वायपर तपासा. इग्निशन चालू करून वायपरची दांडी ‘ऑटो’वर ठेवा आणि आतल्या आरशाच्या मागे जिथे सेन्सर असतो, तिथे काचेवर बाहेरून पाणी शिंपडा. वायपर आपोआप फिरला पाहिजे. दांडीवर ‘ऑटो’च नसेल तर अल्फा म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. ‘ऑटो’ असून वायपर हलत नसेल, तर काच बदलताना सेन्सर नीट बसवला गेला नसण्याची शक्यता आहे, तेव्हा काच का बदलली ते विचारा.

रोज घाट आणि भरलेली गाडी असेल तर आम्ही ३२० घेऊ. २००चं इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली मरगळतं, चढावर गिअर सारखा उतरवावा लागतो. मात्र हेच १.३ लिटरच्या इंजिनाचं कुटुंब मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझातही होतं, त्यामुळे पार्ट आणि मिस्त्री गावोगावी सापडतात. ३२०चं १.६ लिटरचं इंजिन भारतात मारुतीच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत आलं नाही. टर्बो, इंजेक्टर आणि क्लच यांचे भाव आणि मिळायला लागणारे दिवस टोकन देण्याआधीच सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

विम्याच्या पॉलिसीवरचं व्हेरियंटही वाचा. गाडी झेटा आणि पॉलिसीवर अल्फा असेल, तर नावावर करतानाच दुरुस्त करून घ्या.